हुद्दा आणि स्वभाव

सोहारच्या बंदरापासून आत, फलज अल कबाइलला,
याकूब पारकरची लाँड्री.
दिशदाशांची पांढरी रांग, कुम्मा टोप्यांचे साचे,
आणि भिंतीवर दाभोळचं एक जुनं कॅलेंडर
ज्यात अजून मार्चच चालू आहे.

एकदा त्यानं पोतं माझ्यापुढे आडवं केलं,
आमच्याच कारखान्याचं,
आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं:
"सर्फॅक्टंट पंधरा टक्के.
मग पंच्याऐंशी टक्के तुम्ही मला काय विकता रे, रेती?"

रेती नाही, म्हटलं.
सोडा, मिठासारखं सल्फेट, चिमूटभर निळाई, लिंबाचा खोटा वास,
आणि तुझ्या विहिरीचा चुना पकडून ठेवणारं एक खनिज,
नाहीतर या खारट पाण्यात सगळं फाटून जाईल, नासक्या दुधासारखं.
ही सगळी मंडळी मिळून डिटर्जंट.
पण मळाला हात घालतं ते एकटं सर्फॅक्टंट.

"म्हणजे एकच की."
एकच नाही. डिटर्जंट हा हुद्दा आहे, याकूब.
सर्फॅक्टंट हा स्वभाव.
डोकं पाण्यात रमतं, शेपटी तेलात,
म्हणून ते दोघांच्या सीमेवर जाऊन उभं राहतं
आणि पाण्याचा हट्ट मोडतं.
"आपल्यासारखंच," तो म्हणाला.
उगाच कविता करू नकोस, म्हटलं, बिल कर.

टाकीतलं कच्चं सर्फॅक्टंट मी रोज बघतो.
काकवीसारखं, तपकिरी, हातमोजा जाळणारं.
वीस टन. दर पाळीला नमुना, दर नमुन्याला सही.
अकरा वर्षांत मला वाटलं होतं
हा शब्द माझा आहे.

मग ऑगस्टमध्ये, तिसाव्या आठवड्यात,
मृदगंधाला रात्री अडीचला कळा आल्या.
मुलगी. बाराशे ग्रॅम.
काचेच्या पेटीत, माझ्या पंजाएवढी,
श्वास घेताना फासळ्या आत ओढल्या जाणारी.

डॉक्टर बुथैना मास्कमधून म्हणाल्या,
फुप्फुसातले फुगे उघडत नाहीत,
आतला ओलावा त्यांना चिकटवून टाकतो.
आम्ही सर्फॅक्टंट देतो आहोत.

मी म्हटलं, काय देताय?

त्यांना वाटलं मला इंग्रजी कळत नाही.
सिस्टर लिसम्माने हिंदीत समजावलं, हातवारे करून,
फुगा, पाणी, फुगा.
मी मान हलवत राहिलो.
माझ्या बोटांना अजून टाकीचा वास होता,
तीनदा धुऊनही.

पाच मिली. दुधासारखं. गाईच्या फुप्फुसातून काढलेलं,
आमच्या काकवीशी नात्यानं फार लांबचं,
पण तोच स्वभाव: सीमेवर जाऊन उभं राहायचं
आणि पाण्याला सांगायचं, एवढं घट्ट धरू नकोस.
नळी आत गेली. मी आकडा बघत उभा.
अठ्ठ्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर. ऐंशी.
बराच वेळ ऐंशी.
मग कुणीतरी मला खुर्ची दिली, आणि मी उठून पाहिलं तेव्हा
ब्याण्णव होतं.

एक्केचाळीस दिवसांनी आम्ही तिला घरी आणलं.
वाटेत गाडी लाँड्रीशी थांबवली, दुपट्यांचं गाठोडं द्यायला.
याकूबनं खिडकीतून बघितलं, हात लावला नाही,
हाताला साबण होता.
मी त्याला सगळं सांगितलं, तो शब्दही.

तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "म्हणजे पोरीच्या पोटात... छातीत जे आहे,
ते काही धुवत नाही?"

नाही, म्हटलं.
काहीच धुवत नाही.
फक्त मिटू देत नाही.

त्यानं गाठोडं उलगडलं,
दुपटी मोजली, सात,
आणि पावतीवर सहा लिहिली.